कुवेतचं सोनं

६ ऑक्टोबर, सोमवार

आले एकदाची! कामोठे, चौथा मजला, लिफ्ट चालू, आणि मला स्वतःची वेगळी खोली. घणसोली गावातल्या आमच्या भाड्याच्या खोलीत हात पसरला की एकीकडे भिंत लागते आणि दुसरीकडे नवऱ्याचं, संघर्षचं डोकं. इथे पलंगावर मी आज आडवी-उभी लोळून पाहिली, कुठेच काही लागलं नाही. खिडकीतून खाडीकडचा वारा येतो. त्याच्याबरोबर कामोठ्याचे नावाजलेले डासही येतात, पण सगळंच चांगलं कुठून मिळणार?

काम आरिफाखालांना सांभाळायचं; खाला म्हणजे मावशी. सत्तरीला टेकलेल्या. कमरेचं हाड मोडून ऑपरेशन झालंय, वॉकर धरून चालतात. मूळच्या म्हसळ्याकडच्या कोकणी मुसलमान, पण तरुणपणाची बरीच वर्षं कुवेतला काढलेली. नवरा सादिकभाई गेल्या हिवाळ्यात वारले. मुलगा मुआज दोह्याला असतो, त्यानेच ब्युरोतून मला ठेवलं. फोनवर त्याने दोन गोष्टी बजावल्या. औषधं वेळेवर द्यायची, आणि अम्मीला फरशी फोडू द्यायची नाही.

मला वाटलं, थट्टा करतोय. नव्हता करत. हॉलमध्ये टीव्हीखालच्या फरश्या उखडलेल्या आहेत आणि वर सतरंजी टाकलीय. वॉकर धरणारी बाई, तिने हातोडी कशी चालवली असेल कोण जाणे!

बाकी खाला गोड आहेत. आल्या आल्या विचारलं, जेवलीस काय गो? मी उत्तर द्यायच्या आत डब्यातली तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी पुढे सरकवली. आपलं जमणार.

८ ऑक्टोबर, बुधवार

फरश्यांचं कोडं सुटलं. खालांनी आज मेथी निवडता निवडता सगळं सांगितलं. मी ऐकता ऐकता पानं टाकून काड्या ठेवत गेले.

नव्वद सालच्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हा हे चौघे तिथे होते. सादिकभाई एका गोदामावर नोकरीला, खाला, सात वर्षांची हादिया आणि अंगावर पिणारा मुआज. बँका बंद, दुकानं लुटलेली. जवळ उरलं होतं ते सोनं. गल्फमधल्या बायका बचत हातात घालतात. निघायच्या आदल्या दिवशी खालांनी बांगड्या ठोकून चपट्या केल्या आणि साखळ्यांसकट हादियाच्या फ्रॉकच्या कमरपट्टीत शिवून टाकल्या. दुहेरी दोरा, बारीक टीप. सैनिक बायकांच्या पिशव्या उलट्या करत होते, तान्ह्या मुलाचं दुपटंही झटकत होते, पण हुंदडणाऱ्या पोरीच्या कमरेला कुणी हात लावत नव्हतं. नवऱ्यालासुद्धा त्यांनी हे सांगितलं नाही. सादिकभाईंना खोटं बोलता यायचं नाही, चौकीवर त्यांचा चेहराच सगळं बोलला असता.

बसने बगदाद, तिथून जॉर्डनच्या सीमेवर. दोन देशांच्या मधल्या वाळवंटात तंबू, आणि पाण्याच्या टँकरवर मारामारी. हादिया तिथेच उन्हाने गेली, भर दुपारी. खाला तापाने बेशुद्ध होत्या. मयताला आंघोळ घालायला पाणी नव्हतं आणि कफनाला कापड नव्हतं. पाण्याऐवजी पुरुषांनी वाळूवर हात टेकवून तिच्या तोंडाहातांवरून फिरवले आणि अंगावरच्या फ्रॉकमध्येच तिला पुरलं. खालांना शुद्ध आली तेव्हा बस सुटत होती.

सोनं कुठे गेलं ते त्यांनी नवऱ्याला म्हसळ्याला पोचल्यावर सांगितलं. लढाई संपल्यावर सादिकभाई पुन्हा कामावर निघाले ते मुद्दाम अम्मानवरून, त्या तंबूंच्या जागेवरून. परत येऊन म्हणाले, वाऱ्याने वाळू सरकली, जागाच सापडली नाही. खालांनी ते खरं मानलं, इतकी वर्षं. आणि गेल्या हिवाळ्यात, अगदी शेवटच्या घटकेला ते म्हणाले, तिचं जे आहे ते घरातच आहे. कुठे, ते सांगायच्या आत वाचा गेली.

खालांना ते सोनं अंगावर घालायचं नाही. गावात हादियाच्या नावाने बोअरवेल खणायची आहे. पोर पाणी पाणी करत गेली, तिच्या नावाने चार लोक पाणी पितील. डोळे मिटायच्या आत एवढंच. मुआजला हे म्हातारीचं खूळ वाटतं.

मग मीही त्यांना पिऊचं सांगितलं. माझी प्रियदर्शिनी. डेंग्यू झाला आणि आठवड्यात गेली. तेव्हापासून संघर्ष आणि मी एका खोलीत राहतो पण एकमेकांकडे बघायचं टाळतो, कारण त्याच्या तोंडावर मला ती दिसते आणि माझ्या तोंडावर त्याला. म्हणून तर हे मुक्कामाचं काम घेतलं. खालांनी समजूत वगैरे घातली नाही. माझ्यापुढची मेथी ओढून घेतली आणि सगळी स्वतः निवडली. मला फार बरं वाटलं.

११ ऑक्टोबर, शनिवार

मी ठरवलंय. फरशी फोडू द्यायची नाही असं मुआजने सांगितलंय, शोधू द्यायचं नाही असं कुठे सांगितलंय? तेव्हा खाला खुर्चीतून हुकूम सोडतात आणि मी कपाटं सरकवते. आत्तापर्यंत लागलेला खजिना: अत्तराच्या रिकाम्या बाटल्या, बामच्या डब्या आणि अरबी आकड्यांचं एक बंद घड्याळ. प्रत्येक वस्तूला खाला नाक लावून वास घेतात आणि ठेवून देतात.

खालच्या मजल्यावरच्या जयमालाताई भांडायला वर आल्या होत्या. सांगलीकडच्या आहेत, आवाज खणखणीत. धुणं वाळत घातलंय आणि वरनं वाळू गळतीया, तुम्ही काय बांधकाम काढलंय का काय? मी म्हटलं, फरश्या उखडल्यात त्याची असेल. त्या गेल्यावर गॅलरी झाडायला घेतली. फरशीखालची रेती जाडीभरडी, राखाडी असते. ही पिठासारखी बारीक आणि पिवळसर होती. हाताला कोमट लागली. गॅलरीत ऊन येतं, त्याने तापली असेल.

दोरीवरचा टॉवेल गेला. दुपारचा वारा इथे फार.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आमच्या आबांनी भुताखेतांना घरातून कधीच हाकलून दिलं होतं. पोरांनी भुताचं नाव काढलं तरी कान पिळायचे. म्हणून आजचं जसं झालं तसं लिहिते, वर मीठमसाला नाही.

दुपारी खाला नमाज पढून आडव्या झाल्या. मी सिंकपाशी भांडी घासत होते. कुर्त्याचं मागचं टोक कुणीतरी ओढलं. मी म्हटलं, थांब गं, हात खरकटे आहेत. ओढणं थांबलं.

मग मला कळलं की मी कुणाशी तरी बोलले.

मागे कुणी नव्हतं. फरशीवर वाळू होती, मघाशीच पुसलेल्या फरशीवर. पिऊ असंच ओढायची, म्हणून सवयीने तोंडातून निघालं असणार. डोकं कामातून गेलेल्या बाईला असे भास होतात, मला माहीत आहे. पण भास झाला तर वाळू कोण आणून टाकतं?

घरातलं एकही कापड दुपारी जागच्या जागी राहत नाही. चादर एका कोपऱ्याने ओढलेली. उशीचा अभ्रा निघालेला. पडद्याचं टोक चुरगळलेलं, खाली, लहान मुलाचा हात पोचेल तिथे. खालांना काही बोलले नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

सापडलं.

बाथरूमच्या वरच्या माळ्यावर, प्लायवूड ठोकून बंद केलेल्या भागात. गल्फवाल्यांच्या घरी असतो तसा नळ लावलेला मोठा पाण्याचा जग, झाकण टेपने गुंडाळलेलं. मी तो खाली आणला तेव्हा आत काहीतरी सरकलं. खाला पलंगावर बसून होत्या. अल्ला, अल्ला म्हणत होत्या आणि हसत होत्या. मी टेप कापली.

आधी वाळू पडली, ओंजळभर. मग फ्रॉक. गुलाबी असावा, आता तांबूस आणि पापडासारखा कडक. कमरपट्टी जड होती. एकही टाका उसवलेला नव्हता. सोनं जसंच्या तसं आत.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. बोअरवेल झाली समजा, असं म्हणून मी टाळीसुद्धा वाजवली. खालांचं हसू मात्र थांबलं होतं. त्या कमरपट्टीवर बोट फिरवत होत्या. मग मला म्हणाल्या, "ह्यो तिच्या आंगावर व्हता गो. मग ती आता कशात हाय?"

मी कापलेली टेप बोटाला गुंडाळत राहिले.

त्यांनीच मग सांगितलं, अगदी हळू. सादिकभाईंना कबर सापडली होती. त्यांनी ती उघडली. पण माझी टीप पक्की, म्हणाल्या, कात्रीशिवाय उसवली नसती. कुणी बघेल म्हणून घाई असणार. म्हणून त्यांनी अख्खा फ्रॉकच काढून घेतला. पोरीला तशीच ठेवून वाळू लोटली. आणि मग ते सोनं त्यांना ना विकवलं, ना उसववलं, ना फेकवलं.

इतकी घट्ट टीप मी घातली कशाला, असं त्या संध्याकाळपर्यंत म्हणत होत्या. त्या कुणावर चिडल्या असत्या तर मला सोसलं असतं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

खालांना सगळं माहीत आहे. पडदा, चादर, टॉवेल. कधीपासून ते सांगत नाहीत. पोर कापड शोधते, म्हणाल्या.

हजहून आणलेलं त्यांचं स्वतःचं कफन ट्रंकेत आहे, जमजमच्या पाण्यात भिजवून वाळवलेलं. ते त्यांनी काढायला लावलं. सात वर्षांच्या मुलीच्या मापाने कापलं. मी सुई आणू का विचारलं तर नाही म्हणाल्या, कफन शिवत नसतात. आणि आता शिवण नकोच.

कापड हॉलमध्ये पसरून ठेवलंय. मी पळून जायला हवं. आबा असते तर काय म्हणाले असते? त्यांना काही सुचलं असतं का?

खालांना एकटं कसं टाकू?

१९ ऑक्टोबर, रविवार

दुपारी आली.

आधी घर तापलं. पंखा फिरत होता पण वारा तव्यावरचा. मग पसरलेलं कापड मधून उचललं गेलं. कुणीतरी आतून उभं राहिल्यासारखं — माझ्या कमरेइतकं. डोकं, खांदे. चेहरा नाही, फक्त कापड. श्वासाने कापड आत-बाहेर होत होतं.

मी भिंतीला टेकले.

खाला ओरडल्या नाहीत. त्यांनी हात पसरले. हादिया, म्हणाल्या. ये गो माजी बाय.

ते त्यांच्याकडे वळलं. बराच वेळ बघत असावं. मग मागे सरलं. पळत आलं — माझ्याकडे. माझ्यामागे लपलं. पोर अनोळखी म्हातारीला बघून आईमागे लपते तसं. माझा कुर्ता मुठीत धरला. मूठ भाजत होती.

मी चौतीस वर्षांची आहे. खाला तेव्हा एवढ्याच होत्या, काळ्या केसांच्या. तिला तेवढ्याच आठवतात. पांढऱ्या केसांची, वाकलेली ही कोण, तिला कसं कळणार?

खालांचे हात तसेच पसरलेले राहिले. "मना वळखत नाय गो ती," एवढंच म्हणाल्या. मग हात खाली घेतले.



२० ऑक्टोबर, सोमवार

खालांनी सकाळपासून एकच धरलंय. तू सांग तिला. तुझं ऐकेल. सांग की तीच तुझी अम्मी आहे, हात धरून माझ्याकडे आण. एकदा पदराखाली येऊ दे, मग मी मोकळी.

मी नको म्हटलं. तिच्याशी बोललं की ओळख पडते, मग ती सुटत नाही. पण त्यांचा चेहरा —

दुपारी आली. दिवाळीचे फटाके वाजले की ती माझ्या पायाला घट्ट बिलगत होती. तिला त्या लढाईतल्या गोळ्या वाटत असणार. मी खाली बसले. म्हटलं, बाळ, घाबरू नको. ती बघ तुझी अम्मी. ती म्हातारी झालीय, पण तीच आहे. जा.

कापड हललं. पहिल्यांदाच आवाज आला, कोरडा, पाणी न मिळालेल्या घशाचा.

अम्मी, म्हणाली. मला.

खालांनी ऐकलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं ते फिरवलंच नाही. जेवल्या नाहीत. औषध घेतलं नाही. मी माफी मागितली. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला — बस एवढंच.

मी का बोलले?

२१ ऑक्टोबर, मंगळवार

खाला गेल्या. पहाटेच कधीतरी. डॉक्टर म्हणाले, हार्ट. तेच तर.

मुआज मिळेल त्या विमानाने आला. नवीन कफन आणावं लागलं, त्यांचं कापून झालेलं. त्याने का ते विचारलं. मी फ्रॉक त्याच्या हातात दिला. कमरपट्टी ब्लेडने कापून सोनं काढताना तो लहान मुलासारखा रडला. बोअरवेल होईल, म्हणाला. अम्मीने सांगितलं होतं तशीच, हादियाच्या नावाने.

चला, ते तरी झालं.

मयत म्हसळ्याला नेलं. जनाजा लिफ्टमध्ये मावेना, जिन्याने उतरवला. बायका हॉलमध्ये रडत होत्या. मी बघितलं — कापड पडद्यामागून निघालं, दारापर्यंत धावलं, उंबऱ्याशी थांबलं. मग खिडकीशी गेलं. खाली गाडी सुरू झाली, वळली, गेली.

आता समजलं तिला. ती म्हातारी कोण होती ते. गाडी गेल्यावर समजलं.

तिने काचेवर मारलेले हात — अजून ऐकू येतात.

२२ ऑक्टोबर, बुधवार

सगळे गेले. चावी जयमालाताईंकडे देऊन निघायचं. बॅग दारात आहे. संघर्षचा फोन आला होता. न्यायला येतो म्हणाला. घरी ये, पिऊचा फोटो लावू, दोघं मिळून लावू. तिचं नाव त्याने पहिल्यांदा घेतलं. मी हो म्हटलं. रडले. मला घरी जायचंय —

वाळू दारापर्यंत आलीय.

ती आहे. कुर्ता धरून. ओढत नाही, नुसती धरून —

संघर्ष खाली आला. हाक मारतोय. मी उठते. उठता येत नाही. तिला सांगितलं, मी तुझी अम्मी नाही. पुन्हा सांगितलं. ती विचारते, मग अम्मी कुठे गेली? मी काय —

संघर्ष, वर येऊ नको. जिन्यावर पाय वाजतायत — नको येऊ —

हिला एकदा तिथे ठेवून सगळे बसमध्ये बसले. मग बापाने — उघडी. काल आईला नेलं, हिला कुणी विचारलंसुद्धा नाही. मी पण दार ओढून घेतलं तर ही दुपारची कुणाकडे

थोडा वेळ. मांडीवर घेतलंय. अंग तापलंय फार. डोळा लागू दे तिचा. मग मी हळूच हात सोडवून